क्षमता शिल्लक नाही

हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं आहे,
निळ्या शाईत, खाली सही, सहीवर शिक्का:
कुडचडे उपकेंद्र. क्षमता शिल्लक नाही.
त्यांपैकी चार वेळा एकाच माणसाला.
इनासियु फुर्ताद, राहणार शेळवण.

पूर्वी त्याचे सात ट्रक होते.
खनिज वाहून रस्ता तांबडा, नदी तांबडी,
त्याच्या शर्टाची कॉलरसुद्धा.
खाण थांबली, बार्जी झुआरीकाठी गंजत बसल्या,
ट्रक भंगाराच्या भावानं गेले,
आणि ते उभे राहायचे त्या मैदानावर
त्यानं कर्ज काढून पॅनेलं मांडली.
एकशे ऐंशी किलोवॅट.
त्यावर चालतात सध्या एक पंप, दोन पंखे
आणि मासळीच्या बर्फाची एक पेटी.
पॅनेलांच्या मधल्या पट्टीत
शेजारीण भिरंडाची सोलं वाळवते.
तिथं तरी ऊन कामाला लागतं.

आणि इकडे माझ्याकडे
भर दुपारी घाटापलीकडून कोळशाची वीज येते,
रात्रभर प्रवास करून आल्यासारखी,
तिची जागा कुणीतरी आधीच
रुमाल टाकून धरलेली.

चौथ्या वेळी त्यानं अर्जाचा विषयच काढला नाही.
म्हणाला, तुमचा ट्रान्सफॉर्मर दाखवा,
बघू तरी किती भरलाय.
नियमात बसत नव्हतं. मी नेलं.
कुंपणाशी तो हात मागे बांधून उभा राहिला,
मान तिरकी, डोळे मिटलेले,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाला:
हा आवाज मला ठाऊक आहे, पात्रांव.
दहा टनांच्या गाडीत पंधरा टन.

नवा आला तो दीड वर्षानं,
छप्पन चाकांच्या ट्रेलरवर, साठ टन,
आणि पुलाआधीच्या वळणावर अडकला.
एका बाजूला खुरीस, दुसऱ्या बाजूला गटार.
ड्रायव्हर परराज्यातला, घामाघूम,
आमचे साहेब फोनवर, कंत्राटदार फोनवर.
तेव्हा हा स्कूटर लावून पुढे आला,
लुंगी वर खोचली, हात उचलला:
येऊं दी, येऊं दी, राव!
पुन्हा वीतभर येऊं दी.
अडीच तास.
खुरसाच्या चौथऱ्याचा चुनासुद्धा खरवडला नाही.
कित्येक वर्षांनी त्याला उलट्या गाडीपुढे उभं राहायला मिळालं होतं,
हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

यंत्र बसलं की लगेच जुंपत नाहीत.
रात्रभर रिकामं चालवतात,
घरात आलेल्या नव्या माणसाला
पहिल्या दिवशी काम सांगत नाहीत तसं.
मी रात्रपाळी मागून घेतली.

त्याची जोडणी झाली एका मंगळवारी.
बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.
कसो आवाज?
मी काही बोललो नाही,
खिडकीतून हात बाहेर काढून
फोन यार्डाकडे धरला.
पलीकडे तो ऐकत राहिला,
त्याच्यामागे शेजारीण कावळे हाकलत होती.

इथं हे संपवता आलं असतं.

पण नवी लाईन बुधो वेळीपच्या डोंगरउतारावरून गेली,
नऊ काजू तोडून.
खांब मोजायला गेलो तेव्हा
त्यानं मला पाणी दिलं, गूळ दिला,
आणि वर बघत विचारलं,
ही माझ्या घरावरनं जाते ती थांबते कुठं?
त्याचा बल्ब संध्याकाळी अजून पिवळा पडतो.
मी हात करून दिशा दाखवली. दिशा बरोबर होती.

आता टेबलावर चौदा अर्ज आहेत,
पोल्ट्रीवाला, आईस फॅक्टरी, पंचायतीची शाळा,
तीन खाणमालकांचे सहा.
शिल्लक जागा चौघांपुरती.
शिक्का ड्रॉवरमध्ये आहे, त्याची शाई ओली आहे.

आणि सगळ्यांत वर बुधोचा कागद,
वहीतून फाडलेला, नातवाच्या अक्षरात.
जोडणीसाठी नाही. झाडांसाठी.
प्रत्येक काजूचं वय लिहिलंय समोर.
तो कुठल्या फायलीत लावायचा
हे मला कुणी शिकवलेलं नाही.